मगरीचा गळ

कुर्डुवाडीचं नाव काढलं की लोकांना रेल्वे आठवते. जंक्शन, वर्कशॉप, आणि जुन्या माणसांना बार्शी लाइट रेल्वेची ती टुमदार छोटी गाडी. मासे कुणाला आठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. गावातून मोठी नदी जात नाही, उन्हाळ्याचं तर विचारूच नका. पण इथल्या एखाद्या पोराला मासळीबाजारात उभं करून बघा. कटला कुठला, रोहू कुठला, मरळ कशी ओळखायची, सगळं पटापट सांगेल. कारण गावाच्या एका अंगाला भीमा आहे आणि दुसऱ्या अंगाला सीना. टेंभुर्णीमार्गे निघालं की तासाभरात उजनीचं पाणी दिसतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्यात ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. एवढ्या पाण्यात मासे नसतील तर कुठे असतील?

म्हणून रविवारी सकाळी मोटारसायकलवर मागं बसून, बांबूची लांबलचक काठी आडवी धरलेला माणूस दिसला, की आमच्याकडे कुणी "कुठं निघालात?" असं विचारत नाही. "काय लागलं गळाला?" हे संध्याकाळी विचारायचं असतं.

या मंडळींचं सामान कधी जवळून बघितलंय का? काठीच्या टोकाला तंगूस बांधलेला असतो. तंगूस म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची दोरी. तिच्यावर एक तरंगा. दुकानातला रंगीत तरंगा मिळतो, पण जुने लोक मोरपिसाचा पांढरा देठ कापून वापरतात. तो इतका हलका, की माशानं नुसतं हुंगलं तरी थरथरतो. त्याच्या खाली शिशाचा मणी, म्हणजे दोरी पाण्यात सरळ खाली उतरते. आणि सगळ्यात खाली गळ. गळाच्या टोकापासून जरा आत एक बारीकसा उलटा काटा असतो. टोक आत सहज जातं, पण हा काटा ते परत बाहेर येऊ देत नाही. गळावर गांडूळ, नाहीतर कणकेचा गोळा. मग काय करायचं? काहीच नाही. बसायचं. खोकायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, पाण्यावर सावली पडू द्यायची नाही. पाण्याच्या कडेला, न हलता, खाण्याचं आमिष दाखवून.

आता एक गंमत सांगतो. नेमकं हेच करणारा आणखी एक प्राणी आहे.

चेन्नईजवळ, महाबलीपुरमच्या रस्त्यावर 'मद्रास क्रोकोडाईल बँक' नावाची जागा आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी ती १९७६ साली सुरू केली. तिथे खूप मगरी आहेत, आणि मगरींच्या तळ्यांवरच्या झाडांवर बगळ्यांच्या वसाहती. विणीच्या दिवसांत बगळ्यांना घरटं बांधायला काड्या लागतात, आणि चांगली काडी मिळणं सोपं नसतं. त्यावरून त्यांची मारामारी चालते. अशा वेळी तिथली एक मगर उथळ पाण्यात, नाकाडावर काड्या घेऊन पडून राहिलेली काही शास्त्रज्ञांनी पाहिली. बगळा काडी उचलायला जवळ आला की खळ्ळकन पाणी उडायचं! अमेरिकेतल्या ॲलिगेटरांवरही, म्हणजे मगरीच्या चुलत भावंडांवरही, त्यांनी अशाच काड्या पाहिल्या, तेही बगळ्यांच्या वसाहतीजवळ आणि बगळे घरटी बांधत होते त्याच दिवसांत जास्त. २०१३ साली त्यांनी हे छापलं. म्हणजे मगर चक्क गळ टाकते की काय?

थांबा, लगेच वर्गात सांगत सुटू नका. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. काड्या पाण्यात तरंगत असतात, त्या मगरीच्या नाकाडावर आपोआप अडकत असतील, असंही काहींचं म्हणणं आहे. मला विचाराल तर मगर हे मुद्दाम करत असेल असं मानायला मला आवडेल. पण आवडणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. ती काड्या मुद्दाम ठेवो न ठेवो, पाण्याच्या कडेला दबा धरून बसण्यात आपल्या रविवारच्या गळवाल्यांपेक्षा ती कितीतरी तरबेज आहे, याबद्दल कुणाचंही दुमत नाही. आणि दोघांनाही हवी असते ती एकच जागा, म्हणजे जिथे पाणी संपतं आणि जमीन सुरू होते, ती चिंचोळी पट्टी. सगळी भानगड तिथेच आहे.

"पण काका, आपल्याकडे कुठं मगरी?" हा प्रश्न येणारच. भीमेत किंवा उजनीच्या फुगवट्यात मगर दिसली, अशी चर्चा आपल्याकडे अधूनमधून उठते. पण मगरींचं खरं नांदतं घर बघायचं तर सांगलीला जावं लागेल. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, या पट्ट्यात कृष्णेच्या काठावर मगरी राहतात, अंडी घालतात, हिवाळ्यात उन्हाला पडतात. माणसांवर हल्लेही झालेत, त्यात काहींचे जीव गेलेत. त्यात पोहायला उतरलेली मुलंही होती. कोकणात महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, इथेही मगरी आहेत. मुंबईत, हो, ऐन मुंबईत, पवई तलावात मगरी आहेत. आणि त्याच तलावावर हौशी गळवाल्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे. म्हणजे एकाच पाण्यावर गळही आणि मगरही. आणि नकाशा काढून बघा. आपली सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आणि भीमा कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला. पाणी सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. त्यात पोहणाऱ्या प्राण्याला जिल्ह्याची हद्द कोण दाखवणार? शिवाय सुट्टीत तुम्ही मामाच्या गावाला जाता, ते गाव कृष्णाकाठी असू शकतं.

भारतात या कुळातले तीन प्राणी आहेत. लांब, अरुंद तोंडाची सुसर गंगा-चंबळेकडे. खाऱ्या पाण्यातली महाकाय मगर ओडिशा, सुंदरबन, अंदमानात. आणि आपली ही, नदी-तळ्यातली, रुंद तोंडाची मगर. आपल्याला हिच्याशीच काम आहे.

मला या मगरीबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट अशी, की तिचा एकेक अवयव बघत गेलं की नदीकाठचा एकेक नियम आपोआप कळतो. पाठ करायला लागत नाही.

डोळे बघा. डोळे, नाकपुड्या आणि कान, तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला, जवळजवळ एकाच रेषेत. बाकी सगळं धूड पाण्याखाली ठेवून ती नुसत्या तीन उंचवट्यांवर बघते, श्वास घेते आणि ऐकते. आणि वाटलं तर तेही खाली घेते. नाकपुड्या झडपांनी बंद होतात, डोळ्यावर तिसरी, पारदर्शक पापणी सरकते. घशाच्या तोंडाशी एक पडदा असतो, तो बंद झाला की ती पाण्याखाली जबडा उघडू शकते आणि तरी पाणी घशात शिरत नाही. तुम्ही पाण्याखाली तोंड उघडून बघा... नको, नकाच बघू. अशी ती पाच-दहा मिनिटं सहज खाली राहते, गरज पडली तर तासभर. त्या वेळात हृदयाचे ठोके मंद करून प्राणवायू पुरवून पुरवून वापरते. आता सांगा, "मी काठावर उभा राहून नीट बघितलं, मगर नव्हती," या वाक्याला काही अर्थ उरतो का? मगर दिसली तर ती आहे हे कळतं. दिसली नाही तर काहीच कळत नाही. जिथे मगरी आहेत असं गावकरी सांगतात, फलक सांगतो, तिथे त्या आहेत असं धरूनच चालायचं.

डोळ्यांची आणखी एक मौज. मगरीच्या डोळ्यांच्या मागे आरशागत चमकणारा थर असतो. अंधारात आलेला थोडासा उजेड त्यावरून परत फिरतो आणि डोळ्याला दुसऱ्यांदा वापरता येतो. त्यामुळे रात्री बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ धरून पाण्यावर फिरवली, तर मगरीचे डोळे लालसर निखाऱ्यांगत पेटतात. मोजणी करणारे शास्त्रज्ञ होडीत बसून असेच डोळे मोजतात. याचाच दुसरा अर्थ असा की अंधारात तिला आपल्यापेक्षा फार चांगलं दिसतं. तिचं शिकारीचं काम संध्याकाळी रंगात येतं. मरळ रात्री चांगली लागते, असं कुणी कितीही सांगो, मगरीच्या पाण्यावर रात्रीचा गळ टाकायचा नाही.

आता जबड्याकडे या. इथे जरा रेंगाळू या, कारण इथली करामत मला अजून पचलेली नाही.

मगरीचा चांगला जवळून काढलेला फोटो मिळाला तर बघा. जबड्याच्या कडेनं, दातांच्या वर-खाली, खसखशीएवढे काळपट ठिपके दिसतील. शेकडो. पूर्वी लोकांना वाटायचं, असतील काहीतरी चट्टे. अमेरिकेत डॅफ्नी सोआरेस नावाच्या शास्त्रज्ञ बाईंना मात्र ते ठिपके स्वस्थ बसू देईनात. त्यांनी ॲलिगेटरला अर्धवट पाण्यात ठेवलं, पूर्ण अंधार केला, म्हणजे डोळ्यांचा उपयोग नाही. खोलीत एकसारखा आवाज चालू ठेवला, म्हणजे कानांचाही उपयोग नाही. मग त्या पाण्यात फक्त एक थेंब टाकला.

ॲलिगेटर थेट त्या थेंबाकडे वळला!

मग त्यांनी ते ठिपके एका लेपानं झाकले आणि पुन्हा थेंब टाकला. या वेळी ॲलिगेटर ढिम्म. म्हणजे ते ठिपके पाण्याच्या पृष्ठभागावरची हालचाल टिपत होते. हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं. ॲलिगेटरला हे ठिपके फक्त जबड्यावर असतात. आपल्या मगरीच्या घराण्याला ते अंगभर असतात.

घरी एक करून बघा. परातीत पाणी घ्या, हलायचं थांबू द्या, कडेला बोटाचं टोक पाण्याला जेमतेम टेकवा आणि डोळे मिटा. दुसऱ्या कुणाला तरी मध्ये एक थेंब टाकायला सांगा. लागलं बोटाला काही? मला तर काही लागलं नाही. मगरीला अंधारात, थेंब कुठे पडला त्याची दिशासुद्धा कळते.

आता नदीकाठी आपण काय करतो ते आठवा. मासा पकडला की काठावरच उकिडवं बसून तो साफ करतो. खवलं, आतडी, सगळं पाण्यात. हात खळखळ धुतो. पाय सोडून बसतो आणि ते हलवत राहतो. गळाला लागलेला मासा तर पाण्यात तडफडतच असतो. थेंबाची बातमी जिला कळते, तिला ही केवढी मोठी दवंडी! वर रक्ताचा आणि आतड्यांचा वास. तेव्हा मासा पाण्याजवळ साफ करायचा नाही, घाण पाण्यात टाकायची नाही, उरलेलं आमिष काठावर सोडायचं नाही. घरी नेऊन साफ करा. आई ओरडेल ती सोसायची.

आणि एक. मगरीला आठवण असते. रोज त्याच वेळी, त्याच दगडावर, त्याच माणसाचे पाय पाण्यात हलतात, हे ती टिपून ठेवते. घाई करत नाही. म्हणून पाण्याशी रोजचं एकच ठिकाण आणि एकच वेळ असू नये, असं मगरींच्या देशात राहणाऱ्यांना शिकवतात. कपडे धुणाऱ्या बायकांना आणि जनावरं पाण्यावर नेणाऱ्या मुलांना हे पाळणं किती अवघड आहे, ते कळतं मला. त्यांना गळवाल्यासारखी रविवारची हौस नसते, रोज जावंच लागतं. अशा ठिकाणी नुसता उपदेश करून भागत नाही. श्रीलंकेत त्यावर एक साधा तोडगा आहे: घाटासमोरच्या पाण्यात लाकडी खांब रोवून कुंपण घालतात, माणसं आत आंघोळ करतात आणि मगर बाहेर. ओडिशात भितरकणिकेच्या बाजूलाही घाटांना असे अडसर घातलेत. आपल्याकडे नदीकाठच्या गावांनी याचा विचार करायला हरकत नाही, असं माझं मत.

मगर आपल्या अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही, ती उन्हातून घेते. म्हणून थंडीत सकाळी ती वाळूवर पसरलेली दिसते. पुष्कळदा जबडा वासून. लोकांना वाटतं चिडली आहे. चिडलेली नसते, डोकं फार तापलं की तोंड उघडून ती उष्णता घालवते. शरीर गरम ठेवायला इंधन जाळावं लागत नाही, त्यामुळे तिला खायलाही कमी लागतं. मोठी मगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. आणि खाण्यात मुख्य म्हणजे मासे, लहानपणी किडे, बेडूक, खेकडे. माणूस तिच्या रोजच्या ताटातला पदार्थ नाही. हल्ले होतात ते बहुतेक पाण्याच्या कडेला किंवा पाण्यात, कधी भक्ष्य समजून, कधी "माझ्या जागेत का आलास" म्हणून, आणि कधी पिल्लांपायी.

पिल्लांचं ऐकाच. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावरच्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. अंड्यातून मुलगा येणार की मुलगी, हे तेव्हा ठरलेलंच नसतं! ते ठरवते वाळूची ऊब. साधारण साडेबत्तीस अंश सेल्सियसला बहुतेक नर, त्याहून थंड असेल तर माद्या. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, वाळूखालून बारीक आवाज येऊ लागतात. पिल्लं अंड्यातूनच आईला हाक मारतात. मग आई वाळू उकरते, आणि ज्या जबड्याला अख्खं गाव घाबरतं, त्याच जबड्यात एकेक पिल्लू अलगद उचलून पाण्यात नेते. फूटभर लांबीची ती पिल्लं दातांच्या मागून डोकावत असतात.

यात मला आणखी एक गंमत वाटते. आपल्या उजनीत रग्गड मिळणारी चिलापी आहे ना, ती मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. चिलापीची आईसुद्धा अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं बाहेर आली तरी धोका दिसला की सगळी धावत आईच्या तोंडात! तेवढे दिवस ती नीट खातही नाही. तोंडात पिल्लं सांभाळणाऱ्या एका आईला तोंडात पिल्लं वाहून नेणारी दुसरी आई खात असेल. नदीत असं चालतं.

तर उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर काठावर छोटी मगर दिसली, किंवा 'उंक उंक' असा आवाज आला, तर फोटोसुद्धा काढत बसू नका. आई लांब नसते. त्यातून उन्हाळ्यात पाणी आटतं, वाहती नदी तुटून नुसते डोह उरतात. मासे डोहात, माशांसाठी मगर डोहात, आणि माशांसाठीच माणूसही त्याच डोहावर. वर्षातली सगळ्यात अवघड वेळ ती हीच.

आता उभं कुठे राहायचं? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात मगरी फार, तिथल्या त्या खाऱ्या पाण्यातल्या, म्हणजे आपल्या मगरीच्या आडदांड बहिणी. तिथे गळवाल्यांना सांगतात, पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर मागे उभे राहा. तुमच्या नऊ-दहा ढांगा. कारण मगर पाण्यातून झेप घेते ती शेपटीच्या जोरावर. पहिल्या एक-दोन उड्यांतच काय ते होतं. जमिनीवर लांबवर पाठलाग करण्यात तिला गोडी नाही. तेव्हा पळायचं झालं तर सरळ, पाण्यापासून दूर. नागमोडी पळावं असं कुणीतरी पसरवून ठेवलंय, त्यात काही अर्थ नाही. नागमोडी पळणारा स्वतःच्याच पायात अडखळतो.

पण इथे आपल्या बांबूची पंचाईत होते. बांबूची काठी घेऊन पाच मीटर मागे उभं राहिलं, तर गळ पडणार वाळूत! बांबूवाल्याला पाण्याशी जावंच लागतं. म्हणून मगरीच्या पाण्यावर बांबू घरी ठेवा. रीळ असलेली काठी हवी, जिनं लांबून फेकता येतं, आणि जागा उंच, मोकळी, झाडोरा नसलेली. तेवढी सोय नसेल तर त्या दिवशी मासेमारी नाही. गळ झुडपात नाहीतर दगडात अडकला, की हमखास एक शूर वीर चड्डी वर करून पाण्यात उतरतो. गळ पाच-दहा रुपयांना मिळतो. तंगूस कापून टाका. थर्माकोलच्या ठोकळ्यावर, टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरणं तर विसराच.

आणि आपल्या उजनीपुरतं खरं सांगायचं, तर मगरीआधी वाऱ्याला भ्या. मे २०२४ मध्ये करमाळ्यातलं कुगाव आणि इंदापूरकडचं कळाशी यांच्यामध्ये, अचानक सुटलेल्या वादळात होडी उलटली आणि सहा जण बुडाले. पलीकडे जाणारी साधी माणसं होती ती, त्यात लहान मुलंही होती. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट. नसेल तर होडी नाही. बंधाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांनी वरून पाणी कधी सोडणार, हे गावात विचारून घ्यायचं. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुळात जायचंच नाही. हे मी लिहिलं नाही तर तुमचे आई-बाबा हा अंक पुन्हा घेऊन देणार नाहीत.

पावसाळ्यात मात्र नियम उलटा होतो. आपण मगरीकडे जात नाही, मगर आपल्याकडे येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर बुडालेल्या घराच्या छपरावर येऊन बसली होती. २०२४ च्या पावसात चिपळूणच्या रस्त्यावरून एक मगर रात्री निवांत चालत गेली आणि मागून रिक्षावाल्यानं तिच्यावर दिवा धरला होता. आपल्या गायकवाडांच्या बडोद्यात तर विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात शेकडो मगरी. पूर आला की त्या अंगणात हजर. अशी मगर दिसली तर गर्दी करायची नाही, दगड मारायचे नाहीत, शेपटीला हात लावून व्हिडिओ तर अजिबात नाही. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, त्यावर फोन करायचा. ते लोक येतात, दोरी टाकतात, जबडा बांधतात. मगरीचे जबडा मिटण्याचे स्नायू भयंकर ताकदीचे, पण उघडण्याचे अगदी दुबळे. म्हणून बांधलेला जबडा तिला उघडता येत नाही. हे वाचून कुणाच्या डोक्यात काही कल्पना आली असेल तर ती तिथेच सोडून द्या. बांधायच्या आधी तो जबडा उघडाच असतो.

मगरीला मारणं किंवा पकडून ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोठा गुन्हा आहे. कातड्यासाठी त्या इतक्या मारल्या गेल्या होत्या, की १९७५ साली सरकारला त्यांना वाचवायला खास प्रकल्प काढावा लागला. अंडी गोळा करून, उबवून, पिल्लं वाढवून पुन्हा नद्यांत सोडली. आणि गोव्यात तर काही गावांत खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाजवळ मातीची मगर करून तिची पूजा करतात. बांध राखणारी म्हणून!

एवढं करूनही कुणाला मगरीनं धरलंच तर? जवळच्यांनी पाण्यात उडी मारायची नाही. आरडाओरडा करायचा, दोरी, काठी, जे हाताला लागेल ते पुढे करायचं, मोठ्यांना बोलवायचं. धरलेल्यानं सगळा जोर मगरीच्या डोळ्यांवर लावायचा. तिच्या चिलखतातली मऊ जागा तीच. याहून जास्त मी लिहीत नाही. नऊ ढांगा मागे उभं राहणं यापेक्षा फारच सोपं आहे.

आणि मगर बघावीशी वाटली, जी वाटायलाच पाहिजे, तर पुण्याला कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात जा. कुर्डुवाडीहून पुण्याला गाड्यांना तोटा नाही. घड्याळ लावून ती किती वेळानं श्वास घेते ते मोजा. पाण्यात नाणी टाकू नका, मगरी अशा वस्तू गिळून बसतात. थंडीत सांगलीला जाणं झालं तर मोठ्यांसोबत, पुलावरून, सकाळी ऊन वर आल्यावर वाळूकडे दुर्बीण लावा. तोंड मिटलेली एखादी सापडली तर तिचा खालचा चौथा दात शोधा. जबडा बंद असतानाही तो बाहेर दिसतो. ॲलिगेटरचा दिसत नाही. दिसला तर चित्र काढून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. ठिपके काढायला विसरू नका.